नळीतला राक्षस कुणी घडवला?

क्यू-बीटा हा जिवाणूंना लागण करणारा एक विषाणू. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात सोल स्पीगलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा आरएनए, म्हणजे त्याचा सगळा जनुकीय मजकूर, काचेच्या नळीत ठेवला. सोबत नकला काढणारं एन्झाइम आणि नकलांसाठी कच्चा माल. थोड्या वेळानं त्यातला थेंब उचलून नव्या नळीत टाकायचा, मग त्यातला पुढच्या. असं ७४ वेळा. मधला वेळही कमी करत नेला, म्हणजे ज्याची नक्कल लवकर निघेल तोच पुढे जाणार.

हे निष्कर्ष १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले. शेवटच्या रेणूनं मूळ मजकुरातला ८३ टक्के भाग गमावला होता. लागण करण्याची ताकद गेली होती. प्रथिनांचं कवचही आता नळीत कशाला हवं? एन्झाइम आयतं, खाणं आयतं. उरलं होतं फक्त भराभर वाढणं. पुढे त्याला 'स्पीगलमनचा राक्षस' असं नाव पडलं.

मला हे नाव खटकतं. रेणूला हाव नसते. नक्कल काढताना चुका होत गेल्या आणि ज्या चुकांनी साखळी आखूड झाली, त्यांच्या नकला आधी निघाल्या, एवढंच. घाईची अट घातली ती थेंब उचलणाऱ्या हातानं. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या कवितेतूनही सगळ्यात आधी कवीचं नावच गळतं. तिथे कवितेला कुणी राक्षस म्हणत नाही.

हा रेणू जिवंत होता का? नासाच्या वर्तुळात घडलेली एक व्याख्या म्हणते: जीवन म्हणजे स्वतःला टिकवणारी आणि डार्विनच्या अर्थानं उत्क्रांत होऊ शकणारी रासायनिक व्यवस्था. यातलं दुसरं त्याला जमत होतं. पहिलं नाही, कारण सगळा शिधा माणूस पुरवत होता. ती नळी धुऊन टाकताना हात अडखळायचं कारण मला तरी दिसत नाही.

पण गोष्ट तिथे थांबली नाही. १९८६ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ गुंटर फॉन किड्रोव्स्की यांनी एन्झाइमशिवाय स्वतःची प्रत काढणारा छोटा रेणू दाखवला. 'हे जिवंत कधी होणार?' असं तेव्हापासून विचारलं जातं. मला त्याआधीचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो: आपण त्यांच्याकडून काय मागतोय? नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनला सायब्रेन ओट्टो यांच्या गटाला २०१० मध्ये असं दिसलं, की एकच मिश्रण ढवळत ठेवलं तर सात घटकांची कडी वाढते आणि हिंदकळवत ठेवलं तर सहा घटकांची. घटक तेच, भांडंही तेच. ढवळायचं की हिंदकळवायचं, हे मात्र बाहेर उभा असलेला माणूस ठरवतो.