दोन षटकांच्या मधलं क्रिकेट

30 ऑक्टोबर 2025 च्या रात्री, नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर, महिला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद 127 धावा केल्या आणि ऑस्ट्रेलियाच्या 338 धावा भारताने नऊ चेंडू राखून पार केल्या. सामना संपल्यावर ती रडत बोलली. थकवा अंगावर आला तेव्हा आपण स्वतःशी बोलत होतो, प्रार्थना म्हणत होतो आणि दीप्ती शर्मा चेंडूगणिक धीर देत होती, असं तिने सांगितलं. ते ऐकताना मला गहिवरून आलं, आणि पाठोपाठ राग आला. ती म्हणत होती ते सगळं चेंडू टाकला जात नसताना घडलेलं होतं. त्यातलं षटक संपल्यावर जे घडलं, ते घरी बसलेल्या कोट्यवधी लोकांना फारसं दिसलं नाही. त्या वेळी पडद्यावर जाहिरात चालू होती.

जाहिरातींची तक्रार जुनी आहे आणि बहुतेक वेळा ती 'फार झाल्या' एवढ्यावर थांबते. मला ती अपुरी वाटते. किती जाहिराती, यापेक्षा त्या कुठे येतात हा प्रश्न मोठा आहे. क्रिकेट हा थांबत थांबत पुढे जाणारा खेळ आहे आणि त्याचा निम्मा विचार त्या थांबण्यात होतो. प्रक्षेपण विकणाऱ्यांनी आणि विकत घेणाऱ्यांनी दोन षटकांमधल्या वेळाला पडीक जमीन ठरवलं. आपणही ते मान्य करून टाकलं.

त्या वेळात काय होतं ते नीट पाहू. वीस षटकांच्या सामन्याचं सतरावं षटक संपलंय. वेगवान गोलंदाज चेंडू पुसत आपल्या रनअपकडे निघालाय, कर्णधार मिडऑफवरून त्याच्याकडे येतो. दोघं तोंडावर हात ठेवून काहीतरी बोलतात. मग कर्णधार फाइन लेगला सर्कलच्या आत ओढतो आणि पॉइंटच्या माणसाला थेट सीमारेषेवर धाडतो. जाणकार प्रेक्षकाला उमगतं की आता चेंडू ऑफ स्टंपच्या बराच बाहेर, यॉर्करच्या टप्प्यावर पडणार. फलंदाजालाही ते उमगतं. तो मान वळवून मोकळा पडलेला फाइन लेग बघून घेतो, जोडीदाराशी दोन शब्द बोलतो, गार्ड घेताना ऑफच्या बाजूला इंचभर सरकतो. गोलंदाज ते सरकणं पाहतो की नाही, यावर पुढचा चेंडू ठरणार असतो. दोन माणसांनी एकमेकांचं मन ओळखण्याचा हा डाव आहे. चेंडू हातातून सुटतो तेव्हा तो बहुतांशी खेळून झालेला असतो.

टीव्हीवर हे असं दिसतं: षटकातला शेवटचा चेंडू सीमारेषेकडे जातो, क्षेत्ररक्षक झेपावतो, आणि पंचांची खूण पुरी व्हायच्या आत पडदा बदलतो. सिमेंट, बनियन, वेलचीच्या नावाखाली पानमसाला. आपण परत येतो तेव्हा गोलंदाज निम्मा धावून आलेला असतो. फलंदाज वाकून चेंडू यष्टिरक्षकाच्या डोक्यावरून उचलतो, चौकार. कारण बघायला न मिळाल्यामुळे आपल्याला ती करामत वाटते, किंवा नशीब. पिढीच्या पिढी अशी घडते आहे, जिला प्रत्येक चेंडूचा निकाल ठाऊक आहे आणि त्यामागचं कारण ठाऊक नाही. क्रिकेट बघून क्रिकेट शिकण्याची आपल्याकडे मोठी परंपरा होती. गल्लीतली पोरं फिल्ड लावायला कुठल्या वर्गात जाऊन शिकली नाहीत.

जानेवारी 1964 मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध बापू नाडकर्णींनी सलग 21 निर्धाव षटकं टाकली. 131 चेंडूंवर एकही धाव नाही. डावाचं पृथक्करण 32 षटकं, 27 निर्धाव, 5 धावा, बळी शून्य. या गोलंदाजीत घडत काहीच नाही, तरी ती आजही सांगितली जाते, कारण प्रत्येक षटकागणिक फलंदाजाच्या अंगावर काय चढत गेलं असेल याची कल्पना क्रिकेट कळणाऱ्याला करता येते. आजच्या प्रक्षेपणात तीच गोलंदाजी दाखवली तर सहा निर्धाव चेंडू आणि एक जाहिरात, असं एकवीस वेळा दिसेल. जो ताण षटकांच्या मधल्या शांततेत साचत जातो, तो साचायला जागाच राहणार नाही.

आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन ऐकत वाढलेल्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. षटक संपलं की धावफलक सांगितला जाई, मग गोलंदाज कोणत्या बाजूने येतोय, कोण कुठे सरकला. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मैदान पुन्हा मांडलं जाई. माझ्या मामांची नजर आता पार अधू झाली आहे. टीव्हीपुढे बसून ते सामना ऐकतात. षटक संपताच समालोचन तुटतं आणि जाहिरातीचा आवाज अंगावर येतो. 'कोण टाकतोय आता?' हा त्यांचा प्रश्न असतो, आणि शेजारी कोणी नसेल तर उत्तर मिळेपर्यंत दोन चेंडू होऊन गेलेले असतात.

हे असं का झालं, याचा हिशेब उघड आहे. 2023 ते 2027 या पाच हंगामांसाठी आयपीएलचे प्रक्षेपण हक्क 48,390 कोटी रुपयांना गेले. सामने 410 धरले होते. म्हणजे एका सामन्याचे 118 कोटी. दोन्ही डाव पूर्ण झाले तर 240 चेंडू होतात. भागाकार केला तर दर चेंडूमागे 49 लाख रुपये पडतात. जाहिरातीचा दर दहा सेकंदांवर ठरतो. एवढी रक्कम मोजणाऱ्याला दोन षटकांमधलं अर्धं मिनिट मोकळं सोडवत नाही, हे समजण्यासारखं आहे. वेळ भरून झाला की हक्क घेणारा पडद्याकडे वळतो. चित्र आक्रसून कोपऱ्यात जातं, खाली आणि बाजूला पट्ट्या उगवतात. पट्ट्याही भरल्या की भाषेकडे वळतो. आयपीएलच्या पहिल्या काही हंगामांत षटकार म्हणजे एका बांधकाम कंपनीचं नाव झालं होतं आणि झेल म्हणजे एका मोबाइल कंपनीचं. ते नाव प्रत्येक वेळी उच्चारणं समालोचकाच्या कामाचा भाग होता. आयुष्यभर हा खेळ खेळलेल्या माणसांच्या तोंडी ते ऐकताना मला त्यांच्यासाठी वाईट वाटायचं.

2009 च्या हंगामात दहा षटकांनंतर साडेसात मिनिटांचा 'स्ट्रॅटेजिक टाइमआउट' आला. लय मोडते म्हणून खेळाडू नाराज झाले. पुढच्या वर्षापासून त्याचे तुकडे झाले आणि आता प्रत्येक डावात अडीच-अडीच मिनिटांचे दोन टाइमआउट असतात. त्यावर टीका बरीच झाली. माझं मत थोडं वेगळं आहे. टाइमआउटमध्ये खेळ खरोखर थांबलेला असतो. खेळाडू पाणी पितात, प्रशिक्षक मैदानात येतो, आपणही उठून चहा ठेवतो. प्रेक्षकाचं त्यात फारसं काही हिरावलं जात नाही. टेनिसमध्ये बाजू बदलताना खेळाडू 90 सेकंद खुर्चीवर बसतात, तेव्हाची जाहिरात कोणाला खुपत नाही. वीस षटकांच्या सामन्यात षटकांच्या मधल्या 38 फटी भरण्यापेक्षा असे चार उघड विराम मी आनंदाने पत्करेन. फुटबॉलचं मात्र निराळं. 45 मिनिटं अखंड वाहणं हाच त्या खेळाचा जीव आहे, आणि 2026 च्या विश्वचषकासाठी फिफाने हवामान कसंही असलं तरी प्रत्येक अर्ध्यात तीन मिनिटांचा पाण्याचा विराम जाहीर केला. खेळाडूंच्या तब्येतीचं कारण दिलं. ते खरं मानलं, तरी तीन मिनिटांची ती जागा एकदा तयार झाल्यावर ती कोणाच्या नजरेत भरेल, हे भारतातल्या प्रेक्षकाला सांगावं लागत नाही.

क्रिकेटच्या फटीही आता अरुंद होत आहेत. मर्यादित षटकांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत एक षटक संपल्यापासून 60 सेकंदांत पुढचं सुरू व्हावं, यासाठी आयसीसीने घड्याळ लावलं आहे. दोनदा ताकीद, मग पाच धावांचा दंड. खेळाच्या दृष्टीने नियम चांगला आहे. पण त्या साठातले तीस-चाळीस सेकंद जाहिरातीने घेतले, तर उरलेल्यात रिप्ले दाखवणार की फिल्ड?

या सगळ्याला आपल्याकडे नियम नाही असं नाही. केबल टीव्हीच्या 1994 च्या नियमांत तासाला 12 मिनिटांची मर्यादा आहे. पडद्याच्या खालच्या भागात पट्टी लावून कार्यक्रमात अडथळा आणू नये, हेही त्याच नियमांत लिहिलं आहे. ते वाचून मी चकित झालो, कारण पट्टीविना सामना मी कित्येक वर्षांत पाहिलेला नाही. मे 2012 मध्ये दूरसंचार नियामक 'ट्राय'ने त्याहून नेमका नियम केला: थेट सामन्यात जाहिरात फक्त खेळ थांबलेला असताना दाखवायची. उदाहरणंही दिली होती. फुटबॉल-हॉकीचं मध्यंतर, क्रिकेटमधलं लंच आणि ड्रिंक्स, टेनिसमधला गेम किंवा सेट बदलताना. अर्ध्या पडद्यावरच्या जाहिरातींना बंदी. वाहिन्यांनी विरोध केला, आणि मार्च 2013 मधल्या दुरुस्तीत हे सगळं गळालं. उरली ती बारा मिनिटांची मर्यादा, आणि तीही न्यायालयात अडकली.

त्या दुरुस्तीत 'कुठे' गेलं आणि 'किती' राहिलं. चार तासांच्या सामन्याला तासाला बारा मिनिटं धरली तर 48 मिनिटं होतात. 38 फटींत प्रत्येकी पूर्ण एक मिनिट जाहिरात घातली, तरी ती मर्यादेच्या आतच बसते. म्हणजे बारा मिनिटांचा नियम उद्या काटेकोर पाळला गेला, तरी त्या सतराव्या षटकानंतरचं क्रिकेट आपल्याला दिसणार नाही. शिवाय मोबाइलवर इंटरनेटवरून सामना बघणाऱ्याला हा केबलचा नियम लागूच नाही.

जानेवारी 2016 मध्ये न्या. लोढा समितीने हा मुद्दा पुन्हा उचलला. कसोटी आणि एकदिवसीय सामन्यांत जाहिराती लंच, चहापान आणि ड्रिंक्सपुरत्याच असाव्यात आणि बाकी वेळ पूर्ण पडदा खेळाला मिळावा, अशी शिफारस केली. क्रिकेटच्या कारभारावरच्या अहवालात न्यायमूर्तींना घरी बसलेल्या प्रेक्षकाची आठवण झाली, हे मला फार मोलाचं वाटतं. त्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने बहुतेक शिफारशी स्वीकारल्या. जाहिरातींचा निर्णय मात्र भारतीय क्रिकेट मंडळाच्या मर्जीवर सोडला.

मंडळाची बाजू पैशाची आहे आणि ती पोकळ नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये महिला खेळाडूंचं सामन्याचं मानधन पुरुषांइतकं झालं, कसोटीला 15 लाख, एकदिवसीयला 6, टी-ट्वेंटीला 3. त्यामागे प्रक्षेपणाचा पैसा आहे. सांगलीची स्मृती मानधना आज जिथे पोचली तिथे पोचायला लहान गावातल्या पुढच्या मुलीला जे मैदान, जो प्रशिक्षक लागेल, तोही यातूनच येणार. जाहिराती षटकांच्या मधून हटवल्या तर हक्कांची किंमत उतरेल, हे मान्य करायला हवं. ती उतरावी असं मी म्हणतो. एका चेंडूला 49 लाखांऐवजी 40 लाख मिळाले, तर भारतीय क्रिकेट उपाशी राहणार नाही. आणि प्रेक्षक फुकट बघतो, हाही समज चुकीचा आहे. तो वाहिनीची वर्गणी भरतो, डेटाचे पैसे भरतो, आणि वर जाहिरातही बघतो.

प्रेक्षकाचा हक्क केवळ पैशापुरता नाही. 1993 च्या हिरो चषकाच्या प्रक्षेपणावरून बंगाल क्रिकेट संघटना आणि सरकार यांच्यात भांडण झालं, ते सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 9 फेब्रुवारी 1995 ला निकाल लागला. प्रमुख निकालपत्र लिहिलं न्या. पी. बी. सावंत यांनी. प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर लोकांच्या हितासाठी व्हायला हवा, असं त्यात म्हटलं आहे. दूरदर्शनची कायदेशीर मक्तेदारी संपली ती या निकालाने, खासगी वाहिन्यांना कायद्याने दार उघडलं तेही याच निकालाने. त्या दारातून आत आलेल्यांनी निकालाचा पहिला अर्धा भाग आपलासा केला. दुसरा अर्धा भाग, लोकांचं हित, कोणीतरी मागितल्याशिवाय मिळणार नाही.

मागायची वेळही जवळ आहे. आयपीएलचा चालू करार 2027 च्या हंगामाबरोबर संपतो. भारतातल्या आंतरराष्ट्रीय सामन्यांचा 5,963 कोटींचा करार मार्च 2028 ला संपतो. दोन्ही निविदा जवळपास एकाच सुमारास निघतील, आणि निविदेत अटी घालणं पूर्णपणे मंडळाच्या हातात असतं. त्या अटी अशा असाव्यात: बळी पडल्यावर नवा फलंदाज क्रीजवर येईपर्यंत पडदा मैदानावर राहील. वीस षटकांच्या सामन्यात शेवटच्या पाच षटकांच्या मधे जाहिरात नसेल. कसोटीत ती सत्रांच्या मधेच येईल. तिथे 40 मिनिटांचं लंच आणि 20 मिनिटांचं चहापान आहे. चेंडू खेळात असताना चित्र आक्रसणार नाही. बोली लावणारे या अटी धरून बोली लावतील, जशी त्यांनी 2022 मध्ये तेव्हाच्या अटी धरून लावली. 'ट्राय'ने 2012 चं कलम पुन्हा आणलं आणि ते इंटरनेटवरच्या प्रक्षेपणालाही लागू झालं, तर मंडळाच्या मर्जीचा प्रश्नच उरत नाही. निविदेचा मसुदा तयार होण्याआधी हे मंडळाच्या आणि मंत्रालयाच्या टेबलावर गेलं पाहिजे. राज्य संघटनांना मंडळात मत असतं, आणि महाराष्ट्रात अशा तीन संघटना आहेत: मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. सुरुवात त्यांना पत्र लिहून करता येईल.