शेजाऱ्याला नाही म्हणताना

औंढा नागनाथहून वसमतकडे जाताना शिरड शहापूर लागते. मल्लिनाथाच्या जैन मंदिरामुळे हे गाव दूरवर ठाऊक आहे. पण या परिसराचे खरे धन म्हणजे हळद. ती आठ-नऊ महिने शेतात उभी असते आणि पावसाळा सरला तरी तिला पाणी लागते. कालवा पोहोचत नाही तेथे ते विहिरीतून वा बोअरमधून उपसावे लागते.

आपल्या रानाखालचे पाणी आपलेच, ही जुनी समजूत. १८८२च्या इझमेंट कायद्यानेही जमीनमालकाचा तो हक्क मानला. परंतु मराठवाड्याच्या काळ्या खडकाला बांध ठाऊक नाहीत. भेगांतून पाणी एका शिवारातून दुसऱ्यात झिरपते. एकाने खोल बोअर घेतला की शेजाऱ्याची विहीर आटू शकते. ही चोरी म्हणावी काय? कायदा नाही म्हणेल. मन मात्र अडखळते.

१९९३ साली अमलात आलेल्या ७३व्या घटनादुरुस्तीने जलव्यवस्थापन, पाणलोट विकास, सामाजिक वनीकरण हे विषय पंचायतींकडे सोपविण्याची वाट मोकळी केली. त्यासाठी सरपंच-सदस्यांना शिकविणे आले. पाऊस मोजणे, विहिरींची पातळी नोंदविणे, शिवाराचा नकाशा वाचणे हे सारे शिबिरात शिकविता येते. नगरकडील हिवरे बाजारने पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली हा हिशेब गावाच्या अंगवळणी पाडला. तेथे पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो. आधी माणसे व जनावरे, मग उरेल त्यावर पिके. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, हा नियम गावाने स्वतःवर घालून घेतला.

शिकविता येत नाही तो नकार. भावकीतल्या माणसाला ‘यंदा बोअर नको’ असे सांगणाऱ्या सरपंचाला त्याची किंमत पुढच्या निवडणुकीत, आणि त्याही आधी लग्नाच्या पंगतीत, मोजावी लागते! माझ्या मते प्रशिक्षणाचा खरा उपयोग येथेच आहे. आकडा सर्वांदेखत फळ्यावर लिहिला गेला, की तो नकार एकट्या सरपंचाचा राहत नाही.

मात्र त्या नकाराचा भार कोणी वाहावा? ज्याचा बोअर आधीच खोल गेला तो निर्धास्त, आणि संयमाचे धडे उशिरा आलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याला, अशा नियमाला न्याय म्हणवत नाही. बंदी घालायची तर जुन्या बोअरच्या उपशालाही मर्यादा हवी. आणि ज्यांना गुंठाभरही जमीन नाही, त्यांच्या हंड्याचे काय? ग्रामसभेत ताळेबंद वाचला जातो, तेव्हा ती मजूर बाई बहुधा दुसऱ्याच्या हळदीत खुरपणीला गेलेली असते.