प्रतिकृती आणि खोटे नाणे

जत्रेच्या दिवसांत देवळाच्या आवाराबाहेर दुकानांची जी रांग लागते, तीत खाजे, चणे, फुले आणि बांगड्या यांच्या शेजारी एखादा विक्रेता जुन्या दिसणाऱ्या नाण्यांचे ताट मांडून बसलेला असतो. त्या ताटातले एक नाणे आमच्या बहुतेक वाचकांनी पाहिले असेल. एका बाजूस राम, लक्ष्मण, सीता व हनुमान. दुसऱ्या बाजूस ईस्ट इंडिया कंपनीचे नाव, ‘अर्धा आणा’ हे मोल आणि १८१८ हे साल. अशा घडणीचे नाणे कंपनीच्या कोणत्याही टांकसाळीत कधी पडले नाही. तरीही ते हजारोंच्या देव्हाऱ्यांत आहे, आणि त्याची रोज पूजा होते. मग हे नाणे खोटे म्हणावयाचे काय? आणि खोटे म्हणावयाचे, तर त्यातील नेमके काय खोटे?

प्रथमदर्शनी उत्तर सोपे वाटते: जे मूळ नव्हे ते खोटे. परंतु हे उत्तर आपल्याच घरातील दागिन्यांच्या डब्यापाशी अडखळते. आपल्या आज्या-पणज्यांच्या गळ्यात पुतळ्यांची माळ असे. ‘पुतळी’ हे मुळात व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्याचे आपल्याकडील नाव. त्या नाण्यावर संत मार्क आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला तेथील अधिपती अशा आकृती असत. व्यापाराच्या ओघात ही नाणी हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर आली, त्यांच्या सोन्याची ख्याती पसरली, आणि आपल्या सोनारांनी त्यांच्या नकला पाडण्यास आरंभ केला. त्या नकलांवरील लॅटिन अक्षरे पुढे पुढे निव्वळ रेघोट्या झाल्या. ही माळ घालणाऱ्या गृहिणीस कोणी फसविले काय? मुळीच नाही. तिला हवे होते चोख सोने आणि अंगावर शोभणारा घाट. ती दोन्ही तिला मिळाली. आपण व्हेनिसचे नाणे घालीत आहोत असा दावा तिने केला नाही, सोनारानेही केला नाही.

दुसरे उदाहरण शिवराईचे. १६७४ साली राज्याभिषेक झाला, आणि एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी अक्षरे असलेला तांब्याचा पैसा चलनात आला. महाराजांच्या पश्चात थेट पेशवाईच्या अखेरपर्यंत त्याच नावाची शिवराई पडत राहिली. महाराज हयात नसताना त्यांच्या नावाने पाडलेला पैसा लबाडीचा ठरला नाही. कारण ते राज्य त्यांचे होते आणि पैसा त्या राज्याचा होता. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा १७८० साली निवर्तली. पण तिच्या मुखवट्याचे व त्याच सालाचे चांदीचे नाणे तांबड्या समुद्राच्या काठच्या लोकांस इतके विश्वासाचे वाटे की, ते पुढे पिढ्यानुपिढ्या निरनिराळ्या देशांत पाडण्यात आले, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आपल्या मुंबईच्या टांकसाळीतूनही ते निघाले. साल जुने, राणी दिवंगत, टांकसाळ परकी. तथापि चांदी पूर्ण आणि व्यवहार उघड. सारांश, मुळाशी साम्य असणे हा दोष नव्हे. नाण्यावरील अक्षर शब्दशः खरे नसणे हादेखील दरवेळी दोष नव्हे.

प्रतिकृती करण्याचे हेतूही बहुधा निर्मळच असतात. शिवछत्रपतींचा सोन्याचा होन अतिशय दुर्मिळ. तो ज्याच्या दृष्टीस कधी पडणार नाही अशा विद्यार्थ्याच्या हाती त्याची प्रतिकृती आली, तर इतिहास त्याच्या तळहातावर उतरतो. लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रॉबर्ट रेडी नावाच्या कारागिराकडून आपल्या निवडक नाण्यांच्या प्रतिकृती विजेच्या साहाय्याने धातूचा थर चढवून करविल्या. मूळ नाणी कुलूपबंद राहिली आणि प्रतिकृती अभ्यासकांकडे गेल्या. त्या इतक्या हुबेहूब होत्या की चांगला पारखीही क्षणभर चकावा. पण रेडीने त्यांच्या कडेवर आपल्या नावाची आद्याक्षरे ठोकली. त्या दोन इवल्या अक्षरांत या सर्व प्रश्नाचे उत्तर साठलेले आहे, असे आम्हांस वाटते. ते कसे, हे पाहण्यापूर्वी संग्राहकांची बाजू ऐकली पाहिजे.

प्रतिकृतीचे नाव काढताच पुष्कळ संग्राहकांच्या कपाळास आठी पडते. काहीजण ती घरातही येऊ देत नाहीत; काही तिच्यासाठी निराळा खण ठेवतात. बाहेरच्या माणसास हा श्रीमंती छंदाचा सोवळेपणा वाटतो. पण त्यामागे विचार आहे. संग्राहकाच्या लेखी नाणे हे केवळ सुंदर चित्र नसते. तो साक्षीदार असतो. गोव्याच्या कदंब राजांच्या सोन्याच्या नाण्यावर सिंह आहे आणि सप्तकोटीश्वराच्या वरप्रसादाचा उल्लेख आहे. ते नाणे आपल्याला सांगते की, या भूमीच्या राजाने आपले वैभव या देवाचा प्रसाद म्हणून मिरविले. पुढे दिवाडी बेटावरील या देवाचे देऊळ पोर्तुगीज अमदानीत उद्ध्वस्त झाले, देव नदीपलीकडे नार्व्यास गेला, आणि तेथील देवळाचा जीर्णोद्धार शिवछत्रपतींनी १६६८ साली करविला. देऊळ पडले तरी ते लहानसे सोन्याचे नाणे साक्ष देण्यास उरले. आता त्याच्या वजनाची, त्याच्या अक्षरांची हुबेहूब नक्कल कोणी जुनी म्हणून बाजारात आणली आणि नकलाकाराने एखादे अक्षर चुकविले, तर उद्याचा अभ्यासक त्या चुकीवर सिद्धांत उभारील. खोटा साक्षीदार एकट्या न्यायाधीशास फसवीत नाही. तो खऱ्या साक्षीदारांच्या शब्दासही बट्टा लावतो. एक खोटे नाणे उघडकीस आले की शेजारच्या दहा खऱ्या नाण्यांकडे लोक संशयाने पाहू लागतात.

जर्मनीत कार्ल विल्हेल्म बेकर (१७७२–१८३०) या गृहस्थाने ग्रीक, रोमन व मध्ययुगीन नाण्यांचे ठसे अप्रतिम कोरले. नवी नाणी जुनी दिसावीत म्हणून लोखंडाच्या किसाने व वंगणाने भरलेल्या पेटीत ती घालून तो आपल्या घोडागाडीतून फिरवून आणी, असे सांगतात. ठसा कोरणे ही कला; पण हे गाडीतून फिरविणे निराळे. नाण्याच्या अंगावर न घडलेल्या प्रवासाच्या खुणा उमटविणे म्हणजे त्याला खोटी साक्ष पढविणेच होय. त्याच्या दोन-अडीच शतके आधी पादुआ येथील जोव्हान्नी दा काव्हिनो यानेही रोमन नाण्यांच्या धर्तीवर सुंदर नाणी घडविली, आणि आज ती त्याची म्हणून आदराने संग्रहिली जातात. बेकरच्या नाण्यांनाही आज संग्राहक मिळतात. पण ती बेकरची आहेत हे कळल्यानंतरच. वस्तू तीच, धातू तोच. बदलले ते तिच्याविषयीचे वाक्य. यावरून दिसते की, खोटेपणा धातूत नसतो, तो त्याच्याविषयी केलेल्या विधानात असतो.

येथे प्रतिकृती करणारा म्हणेल, ‘मी तर प्रतिकृती म्हणूनच विकली. पुढे कोणी तिला जुनी म्हणून विकले, तर त्यात माझा काय अपराध?’ हा युक्तिवाद टाकाऊ नाही, पण अपुरा आहे. माणसाचा हेतू त्याच्या मनात राहतो. तो नाण्याबरोबर प्रवास करीत नाही. करणारा मरतो, घेणारा मरतो, पावती हरवते. नातवास आजोबांच्या पेटीत एक होन सापडतो आणि त्याचा जन्मवृत्तान्त सांगणारे कोणी उरत नाही. नाणे माणसापेक्षा दीर्घायुषी आहे. म्हणूनच हेतू जिभेवर ठेवून भागत नाही, तो धातूवर कोरावा लागतो. अमेरिकेत १९७३ साली झालेल्या कायद्याने नाण्यांच्या प्रतिकृतींवर ‘कॉपी’ हा शब्द स्पष्ट व न पुसणारा उमटविणे आवश्यक केले, ते याच कारणासाठी. ज्याचा हेतू शुद्ध आहे त्याला अशा खुणेची लाज का वाटावी?

अर्थात सारा दोष करणाऱ्याच्या माथी मारून संग्राहकासही सुटता येणार नाही. अज्ञानी विक्रेत्याकडून दुर्मिळ वस्तू कवडीमोलाने लाटू पाहणारा पुष्कळदा आपल्याच लोभाने फसतो. आणि फसल्यावर तेच नाणे मौन धरून दुसऱ्याच्या गळ्यात बांधणारा तर त्या साखळीतली पुढची कडी होतो. नाणे वाजवून घ्यावे असे आपल्याकडे म्हणतात. पण देतानाही ते वाजवूनच द्यावे, हा त्या सांगण्याचा दुसरा अर्धा भाग आहे.

देवस्थानाशी नाते असलेल्या आमच्या वाचकांस हा विवेक नवा नाही. गाभाऱ्यातील मूर्ती जागची हलत नाही. पालखीत बसते ती उत्सवमूर्ती. भाविक तिच्यापुढेही तितक्याच भावाने हात जोडतो, कारण कोणी कोणास फसवीत नाही. मूर्ती भंगली की विधिपूर्वक नवी घडविली जाते, तिची प्राणप्रतिष्ठा होते, आणि ती नवी आहे हे गावातील पोरासोरांसही ठाऊक असते. नवेपणा लपवावा लागला असता, तर त्या पूजेतच कमीपणा आला असता.

आता त्या अर्ध्या आण्याकडे परत येऊ. नाण्यांच्या जाणकारावर एक अवघड प्रसंग हटकून येतो. एखादी वृद्ध माउली देव्हाऱ्यातले ते नाणे रुमालात बांधून आणते आणि विचारते, ‘हे कंपनीच्या वेळचे ना?’ अशा नाण्यांत तांदूळ ओढण्याची शक्ती आहे, त्यांना लाखोंची किंमत येते, अशा थापा मारून भोळ्या माणसांस लुबाडणारे आजही वावरत आहेत. तेव्हा तिचे मन राखण्यासाठी ‘होय’ म्हणणे हे दयेच्या वेषातले पापच ठरेल. पण ‘हे खोटे आहे’ एवढेच म्हणून नाणे परत करणे हेही पूर्ण सत्य नव्हे. त्याचे साल खोटे, कंपनीचे नाव खोटे, ऐकीव किंमत खोटी. त्यावरचा राम मात्र इतिहासाचा साक्षीदार म्हणून तिच्या घरी आलेला नव्हता. त्याला जुनेपणाच्या दाखल्याची गरज नव्हती. जाणकाराने सालाविषयी स्पष्ट बोलावे, विकत घेण्याच्या किंवा विकण्याच्या मोहापासून तिला सावध करावे, आणि नाणे दोन्ही हातांनी तिच्या हाती परत द्यावे. ते तिने पुन्हा देव्हाऱ्यात ठेवले, तर त्यात कोणाचीही फसवणूक नाही. ठेवणारीस आता सर्व ठाऊक आहे.