पाहुणी की घरची?

परदेशी पाठवल्याने शाळकरी मुलं खरंच मोठी होतात, की नुसते फोटो वाढतात? लेकीला सोळाव्या वर्षी ए.एफ.एस.तर्फे जपानला पाठवताना हा प्रश्न मलाही पडला होता.

दोन्ही महायुद्धांत जखमींना वाहून नेणाऱ्या अमेरिकन स्वयंसेवकांची ही संस्था. माणसं एकमेकांच्या घरी राहिली तर शांतता टिकेल, या आशेने त्यांनी १९४७ मध्ये शालेय विद्यार्थ्यांची देवाणघेवाण सुरू केली.

सुट्टीत भारतात गेलो की आजी नातीला ताटही उचलू देत नसे. जपानमध्ये मात्र ती शाळेचा वर्ग झाडत होती, अडखळत बोलत होती, चुकत होती. आणि परकी माणसं तिला सांभाळून घेत होती. परतल्यावर तिने विचारलं, "आई, तू अमेरिकेत नवीन आलीस तेव्हा तुला कोणी सांभाळून घेतलं?" माझ्या इंग्रजी उच्चारांना हसणारी हीच ती पोर!

मोठं होणं म्हणजे केवळ जग पाहणं नव्हे. आपण कुणाच्या तरी चांगुलपणावर उभे आहोत, हे उमगणं. मग ते ऋण फेडायला नको? येत्या वर्षी आमच्याकडे एक परदेशी मुलगी राहायला येते आहे. तिची खोली लेकीनेच आवरली आहे.