अर्जावरील सही कोणाची?



दरवर्षी दहावीचा निकाल लागतो, आणि ज्या घरी पंधरा-सोळा वर्षांचे लेकरू आहे त्या घरात पेढ्यांचा पुडा फुटण्यापूर्वीच एक प्रश्न येऊन बसतो: पुढे काय? महाराष्ट्रात हा प्रश्न अकरावीच्या प्रवेश-अर्जाच्या रूपाने येतो. बेळगाव-हुबळीकडील मराठी घरांत तो पी.यू.सी.च्या नावाने येतो, हैदराबादेत इंटरमीजिएटच्या. इंदूर, बडोदे किंवा दिल्ली येथे मंडळ निराळे आणि पुस्तकेही निराळी. पण प्रश्न तोच. कला, वाणिज्य की विज्ञान? गणित ठेवावे की सोडावे? की बारावीच्या वाटेला न जाता तंत्रनिकेतन अथवा आय.टी.आय. गाठावे?

वरवर पाहता हा व्यवहाराचा प्रश्न आहे. गुणपत्रिका, फी आणि बसभाडे यांचा मेळ घातला की तो सुटावा. परंतु किंचित थांबून विचार केला तर त्याच्या मुळाशी एक नैतिक प्रश्न दिसतो. ज्याला आपण अजून मतदानाचा अधिकार दिलेला नाही, ज्याची सही कायद्याने पुरेशी मानली जात नाही, त्याच्या पुढील चाळीस वर्षांना वळण लावणारा निर्णय कोणी घ्यावा? आणि तो चुकला तर त्याचे उत्तरदायित्व कोणाकडे जाते?

एक कबुली

या प्रश्नाचा विचार मी तटस्थपणे करू शकत नाही, हे आरंभीच सांगितले पाहिजे. मी अनेक वर्षे दहावीच्या वर्गाचा वर्गशिक्षक होतो. १९९४ साली माझ्या वर्गातील एक मुलगी उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली. इतिहास आणि मराठी हे तिचे जिवाभावाचे विषय होते. शाळेच्या ग्रंथालयातील पुस्तके ती इतक्या वेगाने वाचीत असे की शिपाईमामा तिला कपाटाची किल्लीच देऊन मोकळे होत. निकालानंतर तिचे वडील मला भेटावयास आले. ते एका गिरणीत कामाला होते. शिक्षकाचा शब्द त्यांना प्रमाण वाटे. त्यांनी विचारले, "गुरुजी, काय करावं?" मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "एवढे गुण असताना कला शाखा? विज्ञानच घ्या." त्यांनी मान डोलावली. मुलगी शेजारीच उभी होती. तिच्याकडे आम्हा दोघांपैकी कोणीही पाहिले नाही.

बारावीला ती भौतिकशास्त्रात अनुत्तीर्ण झाली. ऑक्टोबरमध्ये पुन्हा बसली, तेव्हा काठावर निघाली. वैद्यकीय प्रवेशाचे स्वप्न तर कधीच मावळले होते. मध्यंतरी दोन वर्षे तिने एका दुकानात हिशेब लिहिले आणि मग बाहेरून परीक्षा देऊन बी.ए. केले. आज ती ग्रंथपाल आहे आणि समाधानी आहे. बऱ्याच वर्षांनी भेटली तेव्हा मी क्षमा मागण्याचा प्रयत्न केला. ती हसली आणि म्हणाली, "सर, तुम्ही माझं वाईट चिंतलं नाहीत. पण त्या दिवशी मला कुणी विचारलं असतं ना, तर नापास झाल्यावर मी एवढी खचले नसते. ते अपयश निदान माझं स्वतःचं तरी असतं."

वाचकहो, हे वाक्य मी पुष्कळ वर्षे उराशी बाळगले आहे. स्वतःच्या निर्णयातून आलेले अपयश मनुष्य पचवू शकतो, त्यातून शिकू शकतो. दुसऱ्याच्या निर्णयाचे अपयश मात्र त्याला लाज आणि कटुता यांखेरीज काही देत नाही. कारण त्यातून कोणता धडा घ्यावा हेच त्याला उमगत नाही.

केवळ विचारणे पुरेसे आहे काय?

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की मुलाला जे हवे ते द्यावे, म्हणजे आपले कर्तव्य संपले. काही काळ मीही तसेच मानू लागलो होतो. पुढे एका मुलाने गणिताला कंटाळून कला शाखा घेण्याचे ठरविले. मी त्याची इच्छा विचारली, त्याच्या वडिलांची समजूत घातली आणि मनोमन धन्यता मानली. बारावीत असताना त्याच्या मनाने वायुदल घेतले. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या परीक्षेत लष्करासाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते. नौदल आणि वायुदल यांसाठी मात्र भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित लागते. ही गोष्ट त्याला ठाऊक नव्हती; आणि मला ठाऊक असूनही मी ती सांगितली नव्हती. त्याची निवड स्वतःची होती हे खरे, परंतु ती अंधारात केलेली होती. जो रस्ता पुढे कोठे जातो हे वाटसरूला कळू दिलेले नाही, त्या रस्त्यावर त्याला मोकळे सोडणे हे स्वातंत्र्य नव्हे.

म्हणून वडीलधाऱ्यांची कर्तव्ये दोन आहेत: मुलाला विचारणे आणि मुलाला सांगणे. पहिल्याने त्याचा मान राखला जातो, दुसऱ्याने त्याचे डोळे उघडतात. सांगण्यासाठी आपल्याला आधी माहिती करून घ्यावी लागते, आणि आपण येथेच आळस करतो. सनदी लेखापालाच्या परीक्षेची पहिली पायरी बारावीनंतर कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला चढता येते. नागरी सेवा परीक्षेला कोणतीही मान्यताप्राप्त पदवी चालते. आपल्या पुष्कळ घरांत आजी किंवा मावशी परिचारिका होती. त्या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्या मुलीला हे सांगितले पाहिजे की जी.एन.एम. अभ्यासक्रमासाठी इंग्रजीसह कोणत्याही शाखेची बारावी चालते, पण बी.एस्सी. नर्सिंगला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र आवश्यक आहे. दहावीनंतर तंत्रनिकेतनाची तीन वर्षांची पदविका घेणाऱ्यास पुढे अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेशाची सोय आहे. अशा लहान लहान गोष्टी ठाऊक नसल्यामुळे जेवढी आयुष्ये आडवळणास लागली, तेवढी बुद्धी कमी पडल्यामुळे लागली नसतील.

सर्व दारे उघडी ठेवावीत काय?

येथे एक परिचित युक्तिवाद पुढे येतो. विज्ञान घेणारा नंतर कलेकडे किंवा वाणिज्याकडे वळू शकतो. कला घेणाऱ्याला विज्ञानाकडे येता येत नाही. तेव्हा आवड असो वा नसो, विज्ञान घ्यावे, म्हणजे सर्व दारे उघडी राहतात. या म्हणण्यात तथ्य आहे, हे नाकारता येणार नाही. ज्या मुलाला खरोखरच काही ठरविता येत नाही आणि ज्याला गणित जड जात नाही, त्याच्यासाठी हा सल्ला शहाणपणाचाही असेल.

परंतु दार उघडे ठेवण्याची किंमत असते. २०२४ साली वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेला देशभरातून सुमारे २३ लाख विद्यार्थी बसले, एम.बी.बी.एस.च्या जागा मात्र सगळ्या देशात मिळून एक लाखाच्या थोड्या वर होत्या. राहिलेल्यांत पुष्कळ जण असे असणार की ज्यांनी ते दार स्वतः ठोठावलेच नव्हते; कोणीतरी त्यांना त्याच्यासमोर आणून उभे केले होते. दोन वर्षे, कधी चार वर्षे, शिकवणीची फी, आईचे गहाण पडलेले दागिने आणि मुलाचा आपल्या बुद्धीवरील विश्वास, एवढे सर्व त्या उंबरठ्यावर ठेवून ती मुले परततात. जो सगळीच दारे उघडी ठेवू पाहतो, तो एकाही खोलीत स्वस्थ बसू शकत नाही. आपल्याला काही व्हावयाचे असेल, तर इतर काही न होण्याचे दुःख कधीतरी पत्करावेच लागते.

मग सोळाव्या वर्षी ते पत्करावे, एवढी समज मुलाला असते काय? पूर्ण समज नसते हे उघड आहे. पण चाळिशीतील आपला मुलगा कसा असेल, हे बापाला तरी कोठे ठाऊक असते? १९९४ साली ज्या नोकऱ्या आम्ही आयुष्यभराच्या म्हणून मुलांना दाखवीत होतो, त्यांपैकी कित्येक नंतर राहिल्या नाहीत. आणि आज ज्या कामांवर घरे चालतात, त्यांतील अनेकांची नावेही तेव्हा आमच्या कानांवर पडली नव्हती. भविष्याविषयी बाप आणि मुलगा दोघेही अज्ञानी आहेत. फरक इतकाच की त्या भविष्यात जगावयाचे आहे ते मुलाला. दोघेही सारखेच अंधारात असतील, तर ज्याचे पाऊल पडणार आहे त्याचा शब्द अखेरचा असावा, हे न्यायाचे होय.

गरिबाला निवड असते काय?

एखादा वाचक येथे रागावून म्हणेल, "हे सारे भरल्या पोटाचे तत्त्वज्ञान आहे. आमच्या घरी थोरल्या मुलीने लवकर कमवावयास लागणे भाग आहे, कारण तिच्या पाठीवर तिघे आहेत. तेथे आवडीचे काय घेऊन बसलात?"

हा आक्षेप मी अत्यंत आदराने ऐकतो. आपल्यापैकी किती जण अशा थोरल्या बहिणीच्या कमाईवर शिकलो! घरासाठी स्वतःची इच्छा बाजूस ठेवणे यात काही कमीपणा नाही. मनुष्याच्या हातून घडणाऱ्या थोर गोष्टींपैकी ती एक आहे. परंतु त्याग करणे आणि बळी जाणे यांत अंतर आहे. ज्या मुलीसमोर घरचा जमाखर्च मांडला, तिला काय हवे होते हे ऐकून घेतले आणि मग जिने आपण होऊन आय.टी.आय.चा एक-दोन वर्षांचा अभ्यासक्रम पत्करला, तिने त्याग केला. जिच्या नावाचा अर्ज तिच्या नकळत भरला गेला, ती बळी गेली. बाहेरून पाहणाऱ्याला दोघी एकाच यंत्रशाळेत उभ्या दिसतील. आतून त्यांची आयुष्ये वेगळी असतील. आणि जिने त्याग केला तिच्याप्रति घराचे एक ऋण उरते. धाकटी भावंडे हाताशी आली की तिला विचारावयास हवे, "ताई, तुला आता शिकायचे आहे का?" राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची व्यवस्था १९८९ पासून अशांसाठीच चालू आहे; ज्यांची शाळा सुटली त्यांना पुन्हा पुस्तकाकडे येता यावे म्हणून. हा प्रश्न किती घरांत विचारला जातो, याचे उत्तर ज्याने त्याने आपल्या मनाला द्यावे.

तयारी कशाची?

अखेरीस मूळ शब्दाकडे येऊ. शाळेने आयुष्याची तयारी करून द्यावी, असे आपण म्हणतो. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात तक्रार केली होती की तेव्हाचे शिक्षण कारकून व शिक्षक निर्माण करते, स्वतंत्रपणे जगण्यास लागणारे व्यवहारज्ञान देत नाही. शेती व आरोग्य यांचे प्राथमिक ज्ञान शाळेत असावे, अशी त्यांची मागणी होती. १९३७ साली वर्धा येथील परिषदेत गांधीजींनी हस्तव्यवसायातून शिक्षणाची कल्पना मांडली. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाचा आग्रह धरला. तो आपल्या वेळापत्रकात आला आणि बहुतेक ठिकाणी एका तासापुरता उरला. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला आणि विज्ञान यांमधील पक्क्या भिंती काढून टाकण्याचा संकल्प सोडला आहे. एवढ्या थोरांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते, याचा अर्थ आपण ती अद्याप मनापासून ऐकलेली नाही.

शाखा कोणतीही असो, काही गोष्टी प्रत्येकाच्या वाट्याला येणार आहेत. प्रत्येकाला कधीतरी आजाऱ्याची शुश्रूषा करावी लागेल, करारावर सही करण्यापूर्वी तो वाचावा लागेल, घरखर्चाचा ताळा घालावा लागेल, शेजाऱ्याशी झालेले भांडण मिटवावे लागेल, एखाद्या दुःखितास चार ओळींचे पत्र लिहावे लागेल. यांपैकी कशालाही प्रवेश-परीक्षा नाही. तरीही यांत नापास झालेला मोठा अभियंता आपण पाहिला आहे आणि यांत पहिला आलेला साधा वायरमनही पाहिला आहे. आपण ज्याला पाचारण म्हणतो ते केवळ पदवीचे नाव नसते. आपल्याला मिळालेली देणगी कोणाच्या उपयोगी पडावयाची आहे, हे ओळखणे म्हणजे पाचारण. तो शोध अकरावीत सुरू होतो. तेथे संपत मात्र नाही.

तेव्हा, माता-पित्यांनो, यंदा तुमच्या घरी अर्ज भरावयाचा असेल तर एक संध्याकाळ त्यासाठी राखून ठेवा. दूरदर्शन बंद करा, मोबाईल बाजूला ठेवा. घराची आर्थिक स्थिती मुलापुढे खरी खरी मांडा. कोणत्या विषयाने पुढील कोणता मार्ग उघडतो आणि कोणता बंद होतो, हे दोघे मिळून शोधा. ठाऊक नसेल तर जाणत्याला विचारा. मग त्याला बोलू द्या, आणि तो बोलत असताना मध्ये बोलू नका.

आणि तरुण मित्रा, मैत्रिणी, तूही एक गोष्ट कर. "मला हे आवडते" असे म्हणण्यापूर्वी स्वतःला विचार, कोणी सांगितलेले नसताना, परीक्षा नसताना, मी कशात रमतो? मित्र जातो म्हणून जाणे आणि बाप सांगतो म्हणून जाणे यांत फारसा फरक नाही. दोन्हींत तू स्वतः गैरहजर आहेस. निर्णय घेतल्यावर मात्र त्यात जीव ओत. पुढे तो चुकला असे कळले, तर लाजू नकोस, घरी येऊन सांग. ज्या घरात हे सांगता येते, त्या घराने आपल्या मुलाची आयुष्याची तयारी बरीचशी करून दिलेली असते.

अर्जाच्या तळाशी दोन सह्यांची जागा असते, एक विद्यार्थ्याची आणि एक पालकाची. विद्यार्थ्याची आधी होऊ द्या.