पेटाऱ्यापाशीं उभी राहिलेली बहीण

शास्त्रपाठ : निर्गम २ : १ ते १०



मोशेची ही कथा शब्बाथशाळेंतील लहान मुलेंहि सांगतात. तथापि तींतील एक गोष्ट आमच्या लक्षांत येत नाहीं. तें मूल तीन महिन्यांचें होतें, आणि तेवढ्यांतच तें राजाच्या कायद्यापुढें अपराधी होतें. त्यानें कांहीं केलें नव्हतें. तें इब्र्यांच्या घरीं जन्मलें, एवढाच त्याचा अपराध.

असा कायदा केवळ मिसर देशांतच झाला असें नाहीं. इ. स. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यानें कित्येक लोक जन्मतःच चोर ठरविले, व पुढें तो मुंबई इलाख्यासहि लागू झाला. घोड व भीमा या नद्यांच्या कांठीं पालें ठोकून राहणारे फासेपारधी त्यांत सांपडले. १८९७ च्या दुरुस्तीनें तर चार वर्षांच्या मुलासहि आईबापांपासून तोडून सुधारगृहांत ठेवण्याची मुभा सरकारास मिळाली. सोलापूरची वसाहत कांहीं वर्षें अमेरिकन मराठी मिशनच्या व्यवस्थेखालीं होती. त्या कामांत दया होती, हें खरें. परंतु कुंपण तें कुंपणच, हें आम्हीं नम्रपणें कबूल करावें. तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला. कायदा गेला, पण संशय गेला नाहीं. गांवांत चोरी झाली म्हणजे पहिलें बोट पालाकडे वळतें, आणि तें बोट कधीं कधीं प्रभुभोजनास बसणाऱ्याचेंच असतें.

आतां फारोच्या मुलीकडे पाहा. मूल कोणत्या लोकांचें हें तिनें ओळखिलें, आणि ओळखूनहि तिला कळवळा आला. दौंड तालुक्यांतील केडगांवीं पंडिता रमाबाईंनीं १८९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतील अनाथ मुली आणून ठेविल्या, त्या याच कळवळ्यानें. आज हें काम पुष्कळ अंशीं कायद्यानें आपणांवर घेतलें आहे. सात वर्षांखालील मुलाचें कोणतेंहि कृत्य गुन्हा होत नाहीं. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणें अठरा वर्षांखालील कोणासहि पोलीस कोठडींत किंवा तुरुंगांत ठेवितां येत नाहीं. आरोप असलेल्या मुलास प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आंत बाल न्याय मंडळापुढें, व निराश्रित मुलास तितक्याच वेळांत बालकल्याण समितीपुढें नेलें पाहिजे. मूल संस्थेंत ठेवणें हा अगदीं शेवटचा उपाय, असेंहि तोच कायदा सांगतो.

तर मग मंडळीनें काय करावें? बंधूंनो, या कथेंत आमची जागा राजवाड्यांत नाहीं. ती दूर उभी राहिलेल्या बहिणीच्या शेजारीं आहे. तिच्या हातीं सत्ता नव्हती. तिनें एवढेंच केलें कीं, पेटाऱ्यावरून डोळा काढला नाहीं, आणि वेळ येतांच पुढें होऊन ती बोलली.

एखाद्या मजुराच्या मुलास पोलीस घेऊन जातात, तेव्हां बापाचा रोज बुडतो, व हातीं पडलेला कागद त्याला वाचतां येत नाहीं. उपदेशकानें त्याच्याबरोबर जावें. मुलाच्या वयाचा निर्णय प्रथम शाळेच्या दाखल्यावरून, तो नसल्यास ग्रामपंचायतीच्या जन्मदाखल्यावरून होतो; म्हणून ते दाखले आधींच काढवून ठेवावे. परिवीक्षा अधिकारी चौकशीस आला असतां ऐकीव गोष्टी सांगूं नयेत. जें पाहिलें तेंच सांगावें. दौंड जंक्शनावर एकटें मूल दिसलें तर हातावर भाकर ठेवून निघून जाऊं नये, व दयेच्या नांवाखालीं त्याला घरकामासहि ठेवूं नये. १०९८ या क्रमांकावर कळवावें, आणि कोणी येईपर्यंत त्याच्याजवळ बसावें. मूल परत आलें म्हणजे त्याचें नांव घेऊन प्रार्थनासभेंत त्याची कथा सांगूं नये. असें नांव प्रसिद्ध करण्यास कायद्याची मनाई आहे, आणि प्रीतीची तर त्याहून अधिक आहे.

शेवटीं हेंहि पाहा. बहिणीनें राजकन्येस कोणती दाई सुचविली? त्या मुलाची आईच! राजाच्या खर्चानें मूल आपल्याच आईच्या मांडीवर वाढलें. दारिद्र्यामुळें आईपासून तुटणाऱ्या मुलासाठीं याहून चांगली तजवीज आम्हांस ठाऊक नाहीं. म्हणून मंडळीनें प्रथम आईचें घर सांवरावें: मुलाची फी, कोठींत चार पायली ज्वारी, कामावर जातांना मूल संभाळणारा एक शेजारी.

ती मुलगी त्या दिवशीं ऊन्ह लागलें म्हणून घरीं गेली असती, तर? प्रियहो, पाणी अजून वाहत आहे, आणि पेटारेहि येत आहेत. कांठावर कोणी उभें आहे काय, हें प्रभु आम्हांस विचारील.