शाळेच्या कराचे स्वामित्व

एखाद्या वस्तीने शाळेसाठी म्हणून स्वतःवर कर बसवून घेतला, त्या कराच्या भरवशावर कर्ज उभारले, आणि पुढे ती वस्ती एका स्कूल बोर्डाच्या हद्दीतून निघून दुसऱ्याच्या हद्दीत गेली, तर तो कर यापुढे कोणी आकारावा व कोणी खर्चावा? प्रश्न वरवर पाहता हिशेबनिसाचा वाटतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात तो वकिलांच्या आणि रोख्यांच्या दलालांच्या भाषेतच बोलला जातो, आणि सामान्य गृहस्थ त्याच्या वाटेस जात नाही. परंतु ज्यांच्या खिशातून हा पैसा जातो त्यांत आज पुष्कळ मराठी कुटुंबेही आहेत. नवी घरे घेऊन तेथे स्थायिक झालेल्या आपल्या भाच्यापुतण्यांच्या वार्षिक करपत्रकात 'मेलो-रूस' या चमत्कारिक नावाची एक ओळ असते. त्या ओळीच्या पोटात काय आहे हे पाहू गेल्यास, दुसऱ्याने दिलेल्या वचनाने मनुष्य कितपत बांधला जातो, हा फार जुना प्रश्न तेथे बसलेला आढळतो.

प्रथम वस्तुस्थिती सांगितली पाहिजे. 1978 साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी तेरावा प्रस्ताव संमत केला. त्यामुळे स्थावरावरील सर्वसाधारण कर मूल्याच्या एक टक्क्यावर रोखला गेला, करासाठी धरावयाचे मूल्य वर्षास दोन टक्क्यांहून अधिक वाढविण्यास बंदी झाली, आणि विशेष कर बसवावयाचा तर दोन-तृतीयांश मते हवीत असे ठरले. घरमालक निश्चिंत झाले. पण नव्या वसाहती तर वाढतच होत्या आणि त्यांतील मुलांस शाळा हव्याच होत्या. तेव्हा 1982 साली, सेनेटर हेन्री मेलो आणि असेंब्लीचे सभासद माइक रूस यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा आला. त्याअन्वये नगरपालिका, काउंटी किंवा स्कूल बोर्ड एखादा भूभाग आखून त्याचा 'कम्युनिटी फॅसिलिटीज डिस्ट्रिक्ट' बनवू शकते. आपण त्यास करविभाग म्हणू. त्या भागापुरता विशेष कर बसतो, त्याच्या आधारे रोखे विकले जातात, आणि शाळा, रस्ते, जलवाहिन्या उभ्या राहतात. करविभाग ज्या संस्थेने स्थापिला तिचेच सभासद त्याचे कारभारी असतात. कर घराच्या किमतीवर नसतो. बहुधा क्षेत्रफळावर असतो. तो थकला तर बोजा जमिनीवर, आणि शेवटी घरच विकले जाते.

आता संमतीची गोष्ट. त्या भागात बारा किंवा अधिक नोंदलेले मतदार असतील तर त्यांनी मत द्यावयाचे. नसतील तर जमीनमालकांनी, आणि तेही एकरी एक मत या हिशेबाने. नव्या वसाहतीच्या जागी सुरुवातीस माळ असतो, आणि माळाचा मालक म्हणजे घरे बांधून विकणारा कंत्राटदार. म्हणजे पुढे शेकडो संसार ज्या कराखाली पंचवीस-तीस वर्षे राहणार, त्यास संमती दिली ती एकरांनी! एकरास मुले नसतात आणि त्यास शाळेतही जावयाचे नसते. 2014 साली तेथील अपील न्यायालयाने सॅन डिएगो शहराचा एक असा कर रद्द केला. मोठे सभागृह वाढविण्यासाठी तो हॉटेलांच्या जमिनीवर बसविला होता, आणि मतदान हॉटेलांच्या मालकांपुरतेच घेतले होते. नोंदलेल्या मतदारांस वगळून हे चालणार नाही, असे न्यायाधीशांनी म्हटले. ओसाड माळाचे काय करावे, हा मात्र त्या खटल्याचा विषय नव्हता.

यावर उत्तर असे देतात की, घर घेणाऱ्यास विक्रीपूर्वी या कराची लेखी सूचना मिळते. ती वाचून तो सही करतो. तीच त्याची संमती. हे उत्तर अगदीच टाकाऊ नाही. आपल्या धर्मशास्त्रानेही ऋणाचा विचार करताना रिक्थ घेणाऱ्यावर ऋण घातले आहे. याज्ञवल्क्याच्या मते जो वारसा घेईल त्यानेच देणे द्यावे. वस्तूबरोबर बोजा येतो, हे न्यायाला धरूनच आहे. पण त्या सहीने गृहस्थाने काय मान्य केले ते नीट पाहावयास हवे. त्याने रक्कम मान्य केली, मुदत मान्य केली, आणि अमुक स्कूल बोर्ड, जे आपण निवडून देऊ व नको वाटल्यास घालवू, ते ही रक्कम आपल्या मुलांच्या शाळांवर खर्च करील, हेही मान्य केले. शेवटचा भाग कागदावर ठळक अक्षरांत नसेल, पण व्यवहाराचा जीव तोच आहे.

आणि हद्द बदलते तेव्हा नेमका हाच भाग गळून पडतो. तेथे स्कूल बोर्डाची हद्द गावाच्या हद्दीशी जुळलेली असतेच असे नाही. अर्व्हाइन हे एकच शहर. पण त्यातील काही घरे अर्व्हाइनच्या स्कूल बोर्डाखाली, तर काही शेजारच्या टस्टिनच्या. कोठे दोन बोर्डांचे एकीकरण होते, कोठे एखादा तुकडा एकीकडून दुसरीकडे जातो. सर्वसाधारण कर्जरोख्यांच्या बाबतीत तेथील शिक्षणकायद्याने यास सरळ नियम घातला आहे: गेलेल्या तुकड्यात शाळेची मालमत्ता नसेल, तर तो जुन्या बोर्डाच्या कर्जातून मोकळा होतो आणि नव्या बोर्डाच्या कर्जाचा आपला वाटा उचलतो. कन्या सासरी गेली की तिचे गोत्र बदलते, तसाच हा प्रकार आहे. करविभागाचा कर मात्र जमिनीस चिकटलेला. तो गोत्र बदलत नाही. परिणामी घरमालक नव्या बोर्डाच्या कर्जाचा वाटा देतो, आणि जुन्या बोर्डाने बसविलेला विशेष करही देत राहतो.

आमच्या मते येथे खरा अन्याय दुहेरी भाराचा नाही. तो वाटाघाटीने हलका होऊ शकतो. अन्याय असा की, कर आकारणाऱ्या मंडळींच्या निवडणुकीत या गृहस्थास आता मतच नाही. तो रागावला तर कोणावर रागावणार? ज्यांस तो मत देतो त्यांच्या हाती तो कर नाही. ज्यांच्या हाती कर आहे त्यांस त्याच्या मताची गरज नाही. प्रतिनिधीवाचून कर नको, या एका घोषणेवर ज्या राष्ट्राने आपले स्वातंत्र्य उभारले त्या राष्ट्रात हे घडावे, याचे थोडे हसू येते. म्हणूनच अशा प्रसंगी करविभागाचा कारभार नव्या बोर्डाच्या हाती जाणे हे सोयीचे आहे एवढेच नव्हे, तर ते कर्तव्य आहे असे आम्ही मानतो. जुने बोर्ड उदार होऊन काही देत नाही, कारण करविभाग त्याच्या मालकीचा कधीच नव्हता. ते विश्वस्त होते. विश्वस्त बदलल्याने विश्वस्तनिधीचा हेतू बदलत नाही, आणि जुना विश्वस्त मोबदला मागू शकत नाही.

जुन्या बोर्डाची बाजूही ऐकली पाहिजे. ते म्हणेल, 'या कराच्या भरवशावर आम्ही वर्ग बांधले. हप्ते राहिले आहेत. आता तुम्ही कर घेऊन जाता, तर ते कोणी फेडावयाचे?' या तक्रारीत दोन निराळ्या गोष्टी एकत्र कालविल्या आहेत. विकलेल्या रोख्यांचे हप्ते त्याच कराच्या उत्पन्नातून जावयाचे. तो कोणीही आकारला तरी रोखेधारकास धक्का लागता कामा नये, आणि कराराचे बंधन शिथिल करणारा कायदा कोणत्याही राज्याने करू नये असे अमेरिकेच्या घटनेतच सांगितले आहे. प्रश्न उरतो तो हप्ते भागून शिल्लक राहणाऱ्या रकमेचा, आणि अद्याप न काढलेल्या कर्जाच्या अधिकाराचा. हे दोन्ही जेथे मुले गेली तेथे गेले पाहिजेत. या शिलकेवर डोळा ठेवूनच हस्तांतर लांबविण्याचा मोह जुन्या बोर्डास होणे शक्य आहे, आणि करदात्यांनी विचारावयाचा पहिला प्रश्न म्हणूनच शिलकेचा असावा.

इतके सांगून झाल्यावर दुसऱ्या अंगाकडे वळणे प्राप्त आहे, कारण 'आमचा पैसा, आमची शाळा' हे तत्त्व ताणले तर फार वाईट ठिकाणी जाऊन पोहोचते. 1971 साली सेरानो खटल्यात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने असे धरले की, मुलाचे शिक्षण त्याच्या शेजाऱ्यांच्या स्थावराच्या किमतीवर अवलंबून ठेवणे हा समान न्यायाचा भंग आहे. नव्या वसाहतीत चकचकीत शाळा आणि मैलभर अलीकडे जुन्या वस्तीत गळके छप्पर, हे करविभागाच्या पद्धतीतही घडू शकते. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1911 साली प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले तेव्हा स्थानिक संस्थांस शिक्षणकर बसविण्याची मुभा त्यात ठेवली होती, पण खर्चाचा दोन-तृतीयांश भार सरकारने सोसावा अशीच त्यांची योजना होती. गरीब तालुक्यास स्वतःच्या कुवतीवर सोडून भागणार नाही हे त्या अर्थशास्त्रज्ञास पक्के ठाऊक होते. 1912 साली ते विधेयक 13 विरुद्ध 38 मतांनी पडले, हे वाचकांस आठवत असेलच. तेव्हा नव्या बोर्डानेही हाती आलेला करविभाग म्हणजे घबाड समजू नये. कराच्या हेतूस बाध न आणता, त्या वस्तीची गरज भागल्यावर, कर लवकर थांबविणे हाच त्याचा प्रामाणिक उपयोग होय.

एक गोष्ट मात्र कोणत्याही कराराने सुटत नाही. जी इमारत उभी राहिली ती जुन्या हद्दीतच राहते. तिचे हप्ते फेडणारा गृहस्थ सकाळी आपल्या मुलास मोटारीतून नव्या शाळेत पोचवावयास निघतो, आणि वाटेत ती जुनी शाळा लागते. पुष्कळ करविभागांत उरलेला सर्व कर एकरकमी भरून मोकळे होण्याची सोय असते. पण तेवढी रक्कम ज्याच्यापाशी शिलकीस असेल त्यालाच ती उपयोगी, आणि नव्या वसाहतीत तरुण जोडपी घर घेतात ती बहुतेक कर्ज काढूनच.